आधी घरचं, पण घर केवढं?

गावी कुणाला सांगितलं, की मी रोज सोनापूरला जातो, तर समोरचा आधी दचकतो. मराठी माणसाला सोनापूर म्हणजे स्मशान. इथे दुबईत मात्र मुहैस्नाह दोन या भागाला सगळे कामगार सोनापूरच म्हणतात. सरकारी कागदावर ते नाव नाही, पण टॅक्सीवाला, बिहारचा गवंडी, पेशावरचा ट्रकवाला, सगळ्यांना तेच नाव कळतं. या शहरातले टॉवर, पूल आणि मॉल ज्यांनी बांधले, त्यांच्या राहण्याच्या इमारती इथे एकीला एक लागून उभ्या आहेत. एका खोलीत सहा-आठ जण, वर-खाली पलंग, बाहेर दोरीवर वाळत घातलेले कामाचे निळे-नारिंगी कपडे.

मी राहतो पलीकडे मुहैस्नाह चारमध्ये, बायको आणि मुलीसह. दुबईत येऊन चौदा वर्षं झाली. नोकरी एका केटरिंग कंपनीत, खरेदी विभागात. आमचं किचन कॅम्पांतल्या नऊ-दहा हजार माणसांचं जेवण रोज बनवतं. तांदूळ, डाळ, तेल, बटाटा आणि कांदा वेळेवर आणि बजेटमध्ये आणणं, एवढंच माझं काम. कांदाच दिवसाला साधारण टनभर लागतो.

आणि मी मूळचा देवळा तालुक्यातला. आमच्या कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, कांद्याविषयी वेगळं सांगावं लागत नाही. आमची वाटणीची शेती थोरला चुलतभाऊ बघतो. त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तो तिकडे कांदा विकतो, मी इकडे कांदा विकत घेतो. त्यामुळे 'देशाचं हित' हा शब्द कानावर पडला, की मला तो दोन्ही टोकांनी ऐकू येतो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. दुबईत त्या वेळी कॉप-२८, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद चालू होती. ३० नोव्हेंबरला सुरू झालेली ही परिषद १२ तारखेला संपायची होती, ती १३ ला संपली. पहिल्याच दिवशी हवामान बदलाने नुकसान झालेल्या गरीब देशांसाठीचा निधी सुरू झाल्याची घोषणा झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अमिरातीने १० कोटी डॉलर जाहीर केले, जर्मनीनेही तेवढेच. जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या अमेरिकेने पावणेदोन कोटी. आकडे ऐकूनच कळत होतं, की कुणी किती मनापासून खिशात हात घातलाय.

सामान्य लोकांसाठी तिथे ग्रीन झोन होता. ९ तारखेला शनिवारी मी मुलीला घेऊन एक्स्पो सिटीला गेलो. झाडं, सौरऊर्जेची मॉडेल्स, 'एक पृथ्वी' अशा अर्थाचे फलक. मुलगी नववीत होती, तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोटो हवे होते. आणि माझा फोन सारखा वाजत होता. कारण आदल्या दिवशी, ८ डिसेंबरला, भारताने कांद्याची निर्यात बंद केली होती. ३१ मार्चपर्यंत. अल अवीरच्या भाजीबाजारातला आमचा व्यापारी सांगत होता, "भाईसाब, आज का रेट आज का है, कल का मत पूछो." त्याचे दोन कंटेनर न्हावा शेवाला अडकले होते. जेबेल अलीला पोहोचलेला जो माल होता, त्याचा भाव त्याने दोन दिवसांत दुपटीच्या वर नेला होता.

एका हातात मुलीच्या पृथ्वीचे फोटो, दुसऱ्या कानाला कांद्याचा भाव. तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

सोमवारी कंपनीत बैठक झाली. केटरिंगचे करार वर्षभराचे असतात, माणशी दर ठरलेला असतो. कांदा महागला म्हणून कामगाराच्या कंपनीकडून जास्त पैसे मागता येत नाहीत. मग काटछाट ठरली. फोडणीतला कांदा निम्मा करायचा, आणि जेवणासोबत जो कच्चा कांदा देतो, तो बंद. ज्यांनी कधी उन्हात दहा तास काम केलेलं नाही, त्यांना कच्चा कांदा म्हणजे सॅलड वाटेल. पण बाजरीची भाकर असो, तंदूरची रोटी असो की डाळभात, कष्टकऱ्याच्या ताटात कांदा हे अर्धं कोरड्यास असतं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये गेलो, तर बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा एक कामगार हातात डबा घेऊन विचारत होता, "साहब, प्याज कहाँ गया?" मी म्हटलं, इंडियाने बंद किया. तो म्हणाला, "घर से भी फोन आया. उधर भी रातोरात डबल हो गया."

एका आदेशाने एकाच माणसाच्या दोन ताटांतला कांदा उचलला होता. इथल्या ताटातला आणि तिथे त्याच्या घरच्याही.

त्या रात्री अण्णाला फोन केला. वाटलं होतं, तिकडे तरी ग्राहकाला स्वस्त मिळेल, पण शेतकऱ्याचं काय झालं असेल. अण्णा नेहमी मोठ्याने बोलतो. त्या दिवशी आवाज खाली होता. लिलाव बंद पडले होते, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला होता. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव कोसळलेला होता. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबरात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो, भाव येईपर्यंत थांबता येतं. लाल कांदा थांबत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडतो. म्हणजे बंदी आली ती नेमकी अशा वेळी, जेव्हा शेतकऱ्याला घरात बसून राहण्याचीही सोय नव्हती. आधीच ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, त्यावर हा घाव.

बोलता बोलता अण्णाने विचारलं, "मग तू तिथं आता कुणाचा कांदा घेतो रे?"

मी गप्प बसलो. मग सांगितलं, "पाकिस्तानचा."

खरंच होतं ते. पाकिस्तानचा रंगाला आणि तिखटपणाला आपल्या जवळचा. कामगारांना चालतो. मला दहा हजार माणसं जेवू घालायची होती, मी तो घेतला. अण्णा फक्त "बरं" म्हणाला. पंधरा दिवसांनी माझ्याच सहीने पाकिस्तानी कांद्याच्या तीन महिन्यांच्या खरेदीचा करार झाला. देशाच्या हितासाठी घेतलेल्या निर्णयाने देवळ्याच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक सिंधच्या शेतकऱ्याला दिलं, आणि ते देणारा माणूस देवळ्याचाच.

आता सरकारची बाजूही बघू. ती खोटी नव्हती. देशात कांदा महाग होत होता. मुंबईत, दिल्लीत किंवा नाशिक शहरातही ज्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात, तिथे साठ-सत्तर रुपये किलोचा कांदा म्हणजे चैन. माझी सख्खी बहीण नाशिकला भाड्याच्या घरात राहते. बंदी आली तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई, सगळा चांगला माल बाहेर जातो आणि आम्हाला उरलेला." तिचं काय चुकलं? आधी पोटोबा मग विठोबा ही आपली जुनी रीत आहे. कुठलंही सरकार आधी आपल्या लोकांच्या पोटाचं बघणार. बघावंच.

माझा वाद 'आधी घरचं' याच्याशी नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की आपण घर केवढं धरतो? बहीण घरात, मग अण्णा घराबाहेर कसा? बंदीची सगळी किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून गेली. आणि मुहैस्नाहच्या खोलीत राहणारा आपलाच बिहारी, तेलंगणी, मराठवाड्यातला कामगार, जो दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, त्याच्या ताटाचा हिशोब त्या आदेशात कुठे होता? राष्ट्रहित म्हणून जे सांगितलं जातं, ते बऱ्याचदा राष्ट्रातल्या एका भागाचं, एका मोसमाचं हित असतं. दुसऱ्या भागाने त्यासाठी किंमत मोजलेली असते. देशाबाहेरचा गरीब तर त्या हिशोबात येतच नाही.

हे पहिल्यांदा घडलं असतं, तर संकट म्हणून सोडून दिलं असतं. पण सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात अशीच अचानक बंद झाली होती. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा. २०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना काही दिवसांतच दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हिंदीत सांगितलं, की मी आमच्या स्वयंपाक्याला आता बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलंय. सभागृह हसलं. पण त्यांची खरी मागणी त्यापुढची होती, की बंद करायचंच असेल तर आधी कळवत जा. शेजाऱ्याने इतकं साधं मागणं मागावं आणि चार वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा व्हावी, याला काय म्हणायचं?

हे फक्त भारत करतो असं कुणी समजू नये. जुलै २०२३ मध्ये भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, २० तारखेला. आठ दिवसांनी, २८ जुलैला, इथे अमिरातीने तांदळाची निर्यात आणि पुनर्निर्यात चार महिन्यांसाठी थांबवली. हा देश जवळपास सगळं अन्न बाहेरून आणतो, त्यामुळे त्याची भीतीही समजण्यासारखी. पण दुबईतून तांदूळ घेणारे जे लहान देश आहेत, त्यांनी कुणाकडे बघायचं? एकाने दार लावलं, की दुसरा घाबरून आपलंही लावतो, आणि शेवटी रस्त्यावर राहतो तो सगळ्यात गरीब.

आमच्या धंद्यातले जुने लोक २००८ चा तांदूळ अजून काढतात. त्या वर्षी जगात भाताचं पीक बुडालं नव्हतं. गहू महागला, म्हणून भारताने तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध आणले, व्हिएतनामने आणले, ते बघून फिलिपिन्ससारखा मोठा आयातदार मिळेल त्या भावाने तांदूळ उचलायला लागला. टनाला चारशे डॉलरच्या आत असलेला थायलंडचा तांदूळ काही महिन्यांत हजार डॉलरच्या वर गेला. टंचाई तांदळाची नव्हती, विश्वासाची होती. मग जपानच्या गोदामांत बाहेरून आणून ठेवलेला जो तांदूळ पडून होता, तो बाजारात सोडण्याचं ठरतंय, अशी बातमी आली. तो तांदूळ जहाजावर चढायच्या आधीच भाव उतरायला लागले. एका देशाने दार किलकिलं करणार म्हटलं, तेवढ्याने फरक पडला.

मी हे असं लिहितोय, पण मी स्वतः वेळ आली तेव्हा काय केलं, तेही सांगायला हवं. नाहीतर हा उपदेश होईल.

२०२१ च्या सुरुवातीला मला इथे लस मिळाली. सिनोफार्मची, फुकट, रांगेत फार उभंही राहावं लागलं नाही. माझ्यासोबत कॅम्पमधल्या कामगारांनाही मिळाली. ती लस चीनची, तिची चाचणी अबुधाबीत झालेली, आणि त्या चाचणीत शंभराहून जास्त देशांचे लोक स्वयंसेवक. जग एकत्र आलं तर काय होतं, ते माझ्या दंडावर टोचलं गेलं होतं. त्याच सुमारास, २० जानेवारीपासून, भारताने शेजारी देशांना लस पाठवायला सुरुवात केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड भूतान, मालदीवपासून आफ्रिकेपर्यंत गेली. इथे घानाचा, केनियाचा माणूस भेटला की "युवर पुणे" म्हणायचा आणि मला छाती फुगल्यासारखं वाटायचं.

मग एप्रिल आला. आईचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता. दुसऱ्यासाठी गेली, तर केंद्रावर 'लस उपलब्ध नाही' असा फलक. गावात रोज कुणी ना कुणी जात होतं. २४ एप्रिलच्या रात्रीपासून अमिरातीने भारतातून येणारे प्रवासी बंद केले. मी जाऊ शकत होतो, पण परत येता आलं नसतं, आणि नोकरी गेली असती. मे महिन्यात काका, म्हणजे अण्णाचे वडील गेले. मी मुहैस्नाहच्या गॅलरीत उभं राहून व्हिडिओ कॉलवर अंत्यसंस्कार बघितले. नेटवर्क मध्ये मध्ये तुटत होतं.

त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं, की पुण्याची लस आफ्रिकेला जावी का, तर मी ओरडून नाही म्हटलं असतं. आधी माझ्या आईला द्या. सरकारनेही तेच केलं, निर्यात थांबवली. ती पुन्हा सुरळीत व्हायला वर्ष संपत आलं. तोपर्यंत कोवॅक्स या जागतिक योजनेवर विसंबलेले कितीतरी गरीब देश ताटकळत राहिले, कारण त्या योजनेची मोठी भिस्त पुण्यावरच होती. त्या देशांतही कुणाची तरी आई होती, केंद्रावर तसाच फलक वाचणारी.

पण थोडं मागे जाऊन बघितलं, तर आईवर आणि त्या दुसऱ्या आईवर ही वेळ आणली कुणी? श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आधीच करार करून अडवले होते. कॅनडाने तर माणशी नऊ-दहा डोस पुरतील एवढे करार केले होते. अमेरिकेने लशीच्या कच्च्या मालावर आपला हक्क आधी ठेवला होता. एप्रिलमध्ये सीरमच्या अदर पूनावाला यांना थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली, की ही अडवणूक उठवा. लशीचं पेटंट काही काळ सैल करा, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेत मांडला होता. त्यावर निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही बराच पातळ होऊन. तोपर्यंत ज्यांना जायचं ते जाऊन चुकले होते.

इथे मला एक गोष्ट टोचते. तेव्हा आपण जगाला सांगत होतो, की संकटात दार लावू नका, आणि ते बरोबर होतं. कांद्याच्या वेळी दार आपल्या हातात होतं. ज्याला दाराबाहेर उभं राहण्याचा अनुभव आहे, त्याने कडी लावताना एकदा तरी मागे वळून बघायला हवं होतं.

आणि स्वार्थ म्हणून तरी हा सौदा फायद्याचा ठरला का? ३१ मार्चला संपणारी बंदी पुढे वाढवली गेली. मध्येच अमिराती, बांगलादेश आणि आणखी काही देशांना सरकारने ठरवून दिलेला कोटा सुटला, एप्रिलअखेर सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन. नाशिकच्या मतदानाच्या पंधरा दिवस आधी, ४ मे २०२४ ला, बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यातदर ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. दार पूर्ण उघडलं, पण दारात गिऱ्हाईक पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून बराच काळ आपला कांदा आत येऊ दिला नाही. आता त्यांचं 'आधी घरचं'. आमच्या कंपनीतही नियम झालाय, की कांदा एकाच देशातून घ्यायचा नाही, भारताचा वाटा निम्म्याच्या वर न्यायचा नाही. हा नियम लिहिणाऱ्यांत मीही होतो. अण्णाला अजून सांगितलेलं नाही.

मग उपाय काय? दारं कायमची उघडी टाका, असं मी म्हणणार नाही. ते कुठलाच देश करणार नाही आणि करूही नये. पण माझं आजोळ बागलाणातलं, मोसम नदीच्या काठचं. तिथे आजोबा फडाच्या पाण्याच्या गोष्टी सांगायचे. नाशिक-धुळ्याकडच्या वाचकांना फड पद्धत माहीत असेल. पांझरा, मोसम अशा नद्यांवर लहान बंधारे, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. काहीशे वर्षं ही व्यवस्था गावांनी स्वतः चालवली. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. यातली खरी अक्कल वाटणीत होती. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची. पाणी कमी असलं, की गाव मिळून ठरवायचं, यंदा अमुक फड भिजणार नाही. मग सगळ्यांचंच थोडं कोरडं राहायचं, पण कुणा एकाचं पूर्ण वाळायचं नाही. हा नियम टंचाईच्या दिवशी भांडत ठरवलेला नसायचा. तो आधीच ठरलेला असायचा.

ते लोक काही संत नव्हते. बांधावरून कुऱ्हाडी काढणारी तीच माणसं. पण त्यांना एवढं कळलं होतं, की वरच्याने पाट फोडला तर उद्या वरचाही कुणाच्या तरी खालीच असतो. जगाच्या व्यापारात आपण कांद्यात, तांदळात वरचे आहोत. तेलात, खतात खालचे. आज आपण ज्याचं पाणी अडवू, त्याच्या बंधाऱ्यावर उद्या आपल्याला उभं राहायचं आहे.

फडाचाच हिशोब देशांना लावला, तर मला तीन गोष्टी सुचतात. एक, बंदीआधी ठराविक दिवसांची पूर्वसूचना, म्हणजे समुद्रात असलेला आणि करार झालेला माल अडणार नाही. दोन, पूर्ण बंदीऐवजी वाटा. पीक कमी असेल तर निर्यात निम्मी करा, चौथाई करा, पण कायमच्या गिऱ्हाईकाला आणि गरीब शेजाऱ्याला ठरलेला हिस्सा मिळू द्या. तीन, शहरातल्या ग्राहकासाठी भाव पाडायचा, तर त्याची भरपाई सगळ्या देशाने द्यावी, एकट्या शेतकऱ्याने नव्हे. बहिणीला स्वस्त कांदा मिळावाच, पण तो अण्णाच्या खिशातून नको.

हे स्वप्नरंजन नाही. जागतिक व्यापाराच्या नियमांत पूर्वसूचनेची आणि घेणाऱ्या देशाच्या गरजेचा विचार करण्याची तरतूद आजही लिहिलेली आहे. तिच्यात पळवाटा मोठ्या आहेत, एवढंच. जून २०२२ मध्ये जिनिव्हाला सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलं, की संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम भुकेल्यांसाठी जे धान्य विकत घेतो, त्यावर निर्यातबंदी लावायची नाही. भारतही त्यात आहे. म्हणजे एक फड तरी ठरला. पुढचा ठरायला हरकत काय?

काही वाचक म्हणतील, तुम्ही परदेशात आरामात बसून देशाला शिकवता. त्यांचा राग मी समजू शकतो. पण इथे राहून एक गोष्ट दिसते, जी गावात असतो तर दिसली नसती. आमच्या किचनमध्ये पातेलं एकच असतं. त्यात नाशिकचा कांदा पडतो तेव्हा तो लाहोरचा, सिल्हेटचा, काठमांडूचा माणूस खातो. सिंधचा कांदा पडतो तेव्हा तो दरभंग्याचा आणि बीडचा माणूस खातो. कुणी कांद्याला देश विचारत नाही, फक्त आहे की नाही एवढं विचारतं.

कच्चा कांदा आमच्या मेसमध्ये पुन्हा सुरू झाला आहे. या हंगामात अण्णाला भाव नाही, चाळीत माल पडून आहे. परवा फोनवर त्याने विचारलं, "तुमच्याकडं मागणी कशी आहे यंदा?" मी म्हटलं, अण्णा, मागणी आहे. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. निम्म्याच्या वर घ्यायचं नाही हा आमचा नियम मी या महिन्याच्या बैठकीत पुन्हा चर्चेला ठेवतोय. तिथे मला पहिला प्रश्न येणार, "पुन्हा अचानक बंद करणार नाहीत याची हमी काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे असू शकत नाही. ते दिल्लीकडे आहे, आणि दिल्लीला विचारायचं काम नाशिकच्या ग्राहकाने, देवळ्याच्या शेतकऱ्याने आणि आपण सगळ्यांनी मिळून करायचं आहे.